परसातलं ऋषींचं झाड

मी जंगलखात्याच्या कचेरीत कारकून होतो आणि आमच्याच परसात उगवलेलं झाड मला ओळखता येईना. ही गोष्ट घरात राहिली असती तरी चाललं असतं. पण आवडाआत्याने ती पहिल्याच दिवशी कुंपणापलीकडे पोचवली. "सरकार याला जंगलाचा पगार देतं," ती शेजारच्या मार्सेलला म्हणाली, "आणि याला दारातलं पान कळत नाही." आता खरं सांगायचं तर मी जंगलात कधी गेलोच नव्हतो. माझं जंगल म्हणजे लाकूडतोडीचे परवाने आणि त्यांच्या नकला. साग मला कागदावर ओळखू यायचा, उभा नाही. पण हे सांगायचं कोणाला?

सन अठराशे ब्याऐंशीचा पावसाळा होता. आम्ही तेव्हा ठाण्यात कोपरीच्या बाजूला राहत होतो, रेल्वेच्या रुळांपासून हाकेच्या अंतरावर. घरात तीन माणसं: मी, माझी बायको आणि आवडाआत्या. आत्या माझ्या वडिलांची बहीण. बाराव्या वर्षी कपाळ पांढरं करून माहेरी आली ती कायमची. माझी आई मी दोन वर्षांचा असताना गेली आणि मला आत्याने वाढवलं. मला घास भरवताना ती काऊ-चिऊ करत बसत नसे. "गिळ," म्हणायची, आणि मी गिळायचो.

तीच आत्या त्या वर्षी जेवेनाशी झाली, आणि त्याला कारण मी होतो. आदल्या वर्षी ऋषिपंचमीला ती तापाने फणफणली होती. ऋषिपंचमीला बायका बैलाच्या कष्टाचं काही खात नाहीत. नांगरल्या शेतातला भात नाही, डाळ नाही, घाण्यावरचा गूळ नाही. जे आपोआप उगवलं किंवा हाताने खणून लावलं, तेवढंच चालतं. आत्याने जन्मात हा नेम चुकवला नव्हता. पण त्या दिवशी तिला शुद्ध नव्हती, आणि मी घाबरून तिच्या तोंडात तांदळाची पेज घातली. बरी झाल्यावर तिला ते कळलं. ती मला काहीच बोलली नाही. आषाढी एकादशी आली तेव्हा मात्र देवासमोर पाणी सोडून मोकळी झाली: चातुर्मासभर, चारही महिने, बैलाच्या कष्टाचं अन्न वर्ज्य.

एका दिवसाचा नेम बाई चार महिने पाळणार! तोंडात दात नाही. डोंगरउतारावर कुदळीने खणून केलेली वरी तिला चालत होती, पण घशाखाली उतरत नव्हती. सुरणाने जीभ खाजायची. केळं आणि म्हशीचं दूध यावर किती दिवस काढणार? आठ-दहा दिवसांत तिच्या खांद्याची हाडं लुगड्यातून दिसायला लागली. मी डॉक्टरला आणलं. त्याने नाडी बघून स्वच्छ सांगितलं, "पोटभर अन्न गेलं नाही तर म्हातारी कार्तिक बघायची नाही."

"मग आश्विनात जाईन," आत्या म्हणाली.

मी रागावलो, हातापाया पडलो, एकदा तर मीही उपाशी बसून पाहिलं. संध्याकाळी मला भोवळ आली आणि तिने मला दामटून जेवायला बसवलं. शेवटी तोड काढली ती माझ्या बायकोने. माजिवड्याची गंगुबाई आमच्या मागल्या दारी भाजी घेऊन यायची. तिच्याकडून बायकोला गेल्या हंगामातली साठवलेली कणगरं मिळाली. कणगर म्हणजे परसात हाताने लावायचा कंद, त्याला बैल लागतच नाही. बायको ती उकडून, सोलून, कुसकरून, नारळाच्या दुधात कालवून आत्याच्या पानात वाढायची. आत्याला ते आवडलं. रोज वाटीभर जाऊ लागलं, मग दीड वाटी. आत्याच्या आवाजात पुन्हा जोर आला आणि तो जोर पहिल्यांदा माझ्यावरच चालला. मला त्याचं एवढं बरं वाटलं की सांगता येत नाही.

आणि त्याच सुमाराला ते झाड उगवलं.

परसात न्हाणीच्या मागे चुलीतल्या राखेचा ढीग होता. वर पत्र्याचं पुढे आलेलं छप्पर, त्यामुळे तिथे पाऊस कमी लागायचा. त्या राखेतून आधी दोन-तीन जाड, जांभळट कोंब आले. आठवड्याभरात त्यांचं गुडघाभर उंचीचं झुडूप झालं. मी इतक्या लक्षपूर्वक आयुष्यात कुठलंही झाड पाहिलं नव्हतं. एका देठावर समोरासमोर पानांच्या जोड्या, टोकाला एकटं मोठं पान. गंमत म्हणजे दोन मोठ्या जोड्यांच्या मध्ये चिमुकल्या पानांची एक जोडी, जणू कोणीतरी राहिलेली जागा भरून काढली होती. पानांवर बारीक लव. चुरगाळून वास घेतला तर उग्र, हिरवट.

मी मार्सेलला हाक मारली. मार्सेलची भाजीची वाडी होती. वांगी, मुळे, लाल माठ पिकवून तो मुंबईला धाडायचा. त्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या मातीचंच काम. त्याने कुंपणावरून टांग टाकली, उकिडवा बसला, पान दाताखाली धरलं आणि थुंकून टाकलं.

"यो झार मी कदी बगलेला नाय, भाऊ," तो म्हणाला. "वास मारतंय वांग्यासारखा. पन वांगा नाय."

"मग काय आहे?"

"मना इचारतेस? जंगलखात्यान तू हायेस."

दुसऱ्या दिवशी गंगुबाई आली. टोपली डोक्यावरच ठेवून तिने झाडाभोवती एक फेरी मारली. "वांग्याची भयीन हाय ही," ती म्हणाली. "रोज भाजी इकतंय मी, मना ठाव नाय अशी भाजी नाय. पन हिला मी वलखत नाय." बायकोने तिला घाईघाईने मागल्या दारी नेलं. या दोघींचं सगळं नेहमी घाईतच चालायचं. मी तिकडे फारसं लक्ष दिलं नाही, आणि लक्ष देत नाही याबद्दल माझी घरात ख्याती होतीच.

मग मी माझ्या पद्धतीने कामाला लागलो. कारकुनाची पद्धत एकच. झाडाचं वर्णन कागदावर उतरवलं: उंची, पानं, लव, वास. एक डहाळी टीपकागदात दाबून कचेरीत नेली. साहेबाच्या खोलीत वनस्पतींचं एक मोठं इंग्रजी पुस्तक होतं. साहेब जेवायला गेला की मी ते उघडायचो. त्यात हजारो झाडं होती, पण सगळी कुळांच्या नावाखाली लावलेली. नाव ठाऊक असेल तर झाड सापडेल. हातात झाड असेल तर नाव कुठून आणायचं? तीन दिवस मी नुसती चित्रं चाळली. हेडक्लार्कने विचारलं, "काय शोधता?" मी म्हणालो, "परवान्याचं बघतोय."

श्रावणात झाडाला फुलं आली. पांढरी, किंचित जांभळी झाक, पाच कोनांची, मधोमध पिवळा दांडा. मी एक फूल पागोट्यात लपवून कचेरीत नेलं. या वेळी चित्र सापडलं. अगदी तेच नाही, पण त्याच्या जवळचं. शेजारच्या पानावर धोत्रा होता, पुढच्या पानावर कामोणी, आणि खाली साहेबाची पेन्सिलीतली टीप होती: या कुळातली पुष्कळ झाडं विषारी.

मी घरी आलो तर परसात वेगळाच गोंधळ. मार्सेलची शेळी कुंपणातून डोकं घालून त्या झाडाचा शेंडा खाऊन गेली होती आणि पोट फुगून आडवी पडली होती. मार्सेल तिला तेल पाजत होता. शेळी दोन दिवसांनी उठली, पण त्यानंतर त्या कोपऱ्याकडे तिने मान वळवली नाही.

माझ्या दृष्टीने चौकशी पुरी झाली होती. झाड विषारी, उपटायचं, विषय संपला. मी आत्याला तसं सांगितलं.

"हात लावशील तर बघ," आत्या म्हणाली.

तिचं वेगळंच चाललं होतं. "मी सारखी बघतेय त्याच्याकडे," ती म्हणाली. "कोणी पेरलं नाही. कोणी पाणी घातलं नाही. नांगर नाही, बैल नाही. आणि केव्हा उगवलं? मी नेम धरल्यावर. मार्सेल ओळखत नाही, गंगुबाई ओळखत नाही, तुझ्या साहेबाचं पुस्तक ओळखत नाही. मग हे कोणी पाठवलं?"

"कोणी?"

"सप्तऋषींनी. पंचमीच्या भाजीत याचा पाला घालणार आहे मी."

मी कपाळाला हात लावला. "आत्या, शेळी मरता मरता वाचली!"

"शेळीने कुठे नेम केलाय?"

इथून माझी झोप उडाली. ती बोलली ते करणार, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. आत्याने आयुष्यात हट्ट सोडल्याचं मी एकदाही पाहिलं नव्हतं. दोन महिने उपासाने गेली नाही ती बाई आता वाटीभर पाल्याने जाणार, आणि तीही माझ्या डोळ्यांदेखत. बायको म्हणाली, "रात्रीतून उपटून टाका." मी म्हणालो, "आणि सकाळी?" झाड काय आहे ते नक्की सांगणारा माणूस हवा होता. विषारी असं मी सांगून उपयोग नव्हता. माझ्या झाडं ओळखण्यावर आत्याचा विश्वास नव्हता, आणि तो नसावा हेच योग्य होतं.

गणेशचतुर्थी उजाडली. दुसऱ्या दिवशी पंचमी. दुपारी आरती झाली, मोदकांचा नैवेद्य झाला. आत्याने मोदकाकडे पाहिलंही नाही, कारण तांदळाची पिठी. ती विळी घेऊन परसात गेली आणि झाडासमोर बसून कोवळी पानं कुठली घ्यायची ते ठरवू लागली. मीही गेलो. मनाशी पक्कं केलं होतं की आज काय व्हायचं ते होवो, हे झाड मी तिच्यासमोर उपटणार.

मी खाली वाकलो. तिने विळी आडवी धरली. पलीकडून मार्सेल बघत उभा राहिला.

तेवढ्यात दौलत आला. दौलत हा खेडकडचा, घाटावरचा माणूस. कल्याणच्या बाजूला रेल्वेच्या लाइनीवर कामाला होता. गावाकडची पत्रं माझ्याकडून लिहून-वाचून घ्यायचा. भावाचं दुखणं निघालं म्हणून तो आषाढात गावी गेला होता आणि कालच परतला होता. हातात नारळ घेऊन तो गणपतीच्या दर्शनाला आला, पुढे कोणी दिसेना म्हणून मागे परसात आला. आम्हाला नमस्कार केला, त्या झाडाकडे एक नजर टाकली, आणि अगदी सहज विचारलं,

"बटाटं कवा काढनार, भाऊसायेब?"

"कसले बटाटे?"

"ह्ये काय. पाला पिवळा पडाया लागलाय की बुडाला. आता जास्ती दिस ठिवू नगा, पावसानं कुजत्याल."

आम्ही सगळे नुसते त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. आम्ही त्याची थट्टा करतोय की काय असं दौलतला वाटलं असावं. त्याने नारळ खाली ठेवला, गुडघे टेकले आणि राखेत कोपरापर्यंत हात घातला. हात बाहेर आला तेव्हा त्यात मुळ्यांना लोंबणारे चार-पाच बटाटे होते. एक मुठीएवढा, बाकीचे लिंबाएवढे. "आमच्याकडं मळंच्या मळं असत्यात ह्येचं," तो म्हणाला. "पाला कुनी खात न्हाई बरं का. जनावरं सुदिक सोडत्यात."

मार्सेल आधी हसला, मग मोठ्याने हसला, मग कुंपण धरून हसत राहिला. "आयला! बाजारान ढीग बगतंय मी रोज," तो म्हणाला. "पन त्याच्या डोक्यावर काय असतंय ता कदी बगलाच नाय!" आणि हे अगदी खरं होतं. बटाटा मी स्वतः बाहेर कितीदा खाल्ला होता. गंगुबाई तर तो विकायची. ठाण्यात बटाटा सगळ्यांना ठाऊक होता, आणि बटाट्याचं झाड एकालाही नाही. तो घाटावरून पोत्यात बसूनच यायचा. मला इतका आनंद झाला की मी दौलतला मिठीच मारणार होतो. दीड महिन्याचं कोडं सुटलं, आणि आत्या आता पाला खाणार नव्हती.

मी हसत मागे वळलो. न्हाणीच्या दारात माझी बायको उभी होती. तिच्या तोंडावरचा रंग उडाला होता.

आमच्या घरात बटाटा येत नसे. फिरंग्यांचा कंद म्हणून आत्याने तो कांद्या-लसणाच्या पंक्तीला बसवला होता. मग तो परसात उगवला कसा, हा प्रश्न मला सुचायला वेळ लागला. आत्याला लागला नाही. तिने एक बटाटा उचलला. अंगठ्याच्या नखाने त्याची साल खरवडली आणि नाकाशी धरली.

"कणगराला केस असतात," ती म्हणाली. "लहानपणी मी पाट्या भरभरून काढलीत. तू मला कणगर नेहमी कुसकरूनच का वाढायचीस, ते आज कळलं, सूनबाई."

बायको खाली बसली. पदर तोंडाला लावून ती रडायला लागली. रडत रडतच तिने सगळं सांगितलं. साठवलेली कणगरं कुठे नव्हतीच. गंगुबाई मागल्या दारी बटाटे द्यायची, बायको ते शिजवायची आणि सालं आत्याच्या नजरेला पडू नयेत म्हणून राखेत पुरायची. सालींबरोबर एखादा कोंब आलेला बटाटाही गेला असेल. दीड महिना, रोज.

"बाजारचे," आत्या म्हणाली. "नांगराचे."

"हो."

आत्या उठली आणि आत गेली. दौलत बिचारा आपण काय केलं ते न कळून नारळ हातात घेऊन उभा राहिला.

त्या संध्याकाळी ती देवासमोर माळ घेऊन बसली. मी तिच्यापुढे जाऊन बसलो आणि म्हणालो, "तिच्यावर रागावू नकोस, माझ्यावर रागाव." ती म्हणाली, "तू कोण? तुला दीड महिना घरात काय शिजतंय ते माहीत नव्हतं." बायको तर स्वयंपाकघरातून बाहेरच येईना. आत्या आता आमच्या घरचं पाणीही घेणार नाही, काशीला नाहीतर कुठल्यातरी देवळात जाऊन राहील, अशी तिची खात्रीच झाली होती. मलाही तीच भीती वाटत होती.

पंचमीला आत्या नेहमीसारखी उठली. आघाड्याच्या काड्यांनी तिने हिरड्या घासल्या, विहिरीवर न्हाली, पाटावर सात सुपाऱ्या मांडून सप्तऋषींची पूजा केली. कहाणी स्वतःच म्हटली, स्वतःच ऐकली. मग स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आली. आत बायको अळू आणि भोपळा चिरत होती. कोपऱ्यात सुपात काल काढलेले बटाटे पडून होते. ते टाकून द्यायचा कोणाला धीर झाला नव्हता.

"सूनबाई," आत्या म्हणाली, "ही पंचमी असते ती नकळत घडलेल्या दोषासाठी. माझ्याकडून जे झालं ते नकळत झालं. ते आज गेलं."

बायकोने मान हलवली.

"तू केलंस ते कळून-सवरून. त्याला पंचमी नाही."

"नाही."

"का केलंस?"

"तुम्ही मरत होतात," बायको म्हणाली. "मला दुसरं काही सुचलं नाही."

"मला विचारायचं होतंस."

"विचारलं असतं तर खाल्लं असतंत?"

आत्याने खोटं बोलण्याचा प्रयत्नही केला नाही. "नाही," ती म्हणाली. मग आत येऊन तिने सुपातला एक बटाटा हातात घेतला.

"याला नांगर लागला नाही."

"नाही."

"आपल्या राखेत आला. ऋषींनी नसेल पाठवला. पण आला तो आपल्याच घरात, तुझ्या हातून." ती पाटावर बसली. पान पुढे ओढलं. "घाल भाजीत. पण कणगर म्हणून वाढायचं नाही. काय वाढतेस ते तोंडाने सांगायचं, आणि मग वाढायचं."

बायकोने भाजी केली. मी दारात उभा होतो, आणि सांगायला लाज कसली, माझे डोळे भरून आले होते. तिने पळी भरली. आत्याच्या पानावर धरली.

"आत्याबाई," ती म्हणाली, "हा बटाटा आहे."

"कळलं," आत्या म्हणाली. "वाढ."